झाकणावरचा कागद

खरं सांगायचं तर असले गूढ अनुभव मी वाचायचो ते त्यातल्या चुका शोधायला. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यातून फिजिक्स घेतलेलं… ज्याला कारण नाही अशी गोष्टच नसते, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले. माझं कुठे चुकत असेल तर जरूर सांगा. मला बरंच वाटेल.

आमची वाडी मलकापूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं असतं की गोठ्यातून घर दिसत नाही. गेल्या मार्गशीर्षात मी कोल्हापूरच्या होस्टेलवरून घरी आलो होतो. सकाळी धार काढता काढता आप्पा – माझे वडील – छाती धरून खाली बसले. एवढ्या थंडीत अंगाला दरदरून घाम. रुग्णवाहिका लांबच्या गावी गेली होती. वाडीतली एकुलती एक जीप दत्तजयंतीसाठी नृसिंहवाडीला. राहिली आप्पांची जुनी मोटरसायकल.

आमच्याकडे आजाऱ्याला असंच नेतात. चालवणारा पुढे, आजारी मध्ये, धरणारा मागे, आणि तिघांना मिळून एक चादर बांधायची. मागे माझा चुलता, तात्या बसला. आईनं गाठ मारली. आप्पांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली होती.

"दादा, तुझ्याच गाडीवर आज तू पावणा हाईस बघ," तात्या म्हणाला. आप्पा हसल्यासारखं हुंकारले. तो हुंकार आम्ही दोघांनीही ऐकला.

इंजिन गारठलेलं. चोक ओढून किका मारल्या, सुरू झाली. थोडी तापू दिली, मग चोक सोडला आणि निघालो. उतारावर देवळाच्या वळणापर्यंत नीट चालली, मग दोन-चार झटके देऊन बंद पडली.

थंडीनं असेल, असं मला वाटलं. परत चोक ओढला, किक मारली… जरा वेळानं चालू झाली. थोडं पुढे गेलो, पुन्हा तेच. पुन्हा थांबलो. आता किक मारून पाय भरून आले होते, आणि चोक ओढला तरी इंजिन नुसतं गुरगुरून गप्प होत होतं. प्लग ओला झाला असेल तर तो काढायला पाना नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला रडू यायला लागलं होतं.

"आरं, हाण की किक!" तात्या ओरडला.

"हाणतोयच की!"

तेवढ्यात कानाशी आप्पा बोलले. नेहमीच्या आवाजात – मी लहानपणी चुकीचा पाना हातात द्यायचो तेव्हा बोलायचे तसे.

"चोक सोड. थंडीचं न्हाय हे. कव्हरखालचा कागद काढ."

"व्हय आप्पा," मी म्हणालो.

टाकीच्या कव्हरची चेन ओढली. आत झाकणावर प्लास्टिकचा कागद घट्ट बसवलेला. तो काढून झाकण उघडलं तर सूऽऽ करून हवा आत गेली. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरेल तशी तिथून हवा आत यावी लागते. भोक बंद झालं तर पेट्रोल उतरायचंच थांबतं. हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा फक्त किक मारली. पहिल्याच किकेला सुरू.

मी गाडी पळवायला लागलो. पुन्हा कानाशी आवाज आला, "सावकाश चालव. आता घाई न्हाय."

मला वाटलं, बरं वाटतंय त्यांना. इतका हलका झालो मी… आणि खरंच सावकाश चालवली.

मलकापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि आम्हा दोघांकडे बघून विचारलं, "हे वाटेतच गेलेत. कळलं नाही का तुम्हाला?"

मी भांडायला लागलो. आत्ता तर बोलत होते, म्हणालो. तात्यानं मला धरून बाहेर नेलं.

"दादा देवळाच्या वळणावरच गेला," तो म्हणाला. "माझ्या हातातच मान पडली. तुला सांगितलं असतं तर तू गाडी दरीत घातली असतीस. म्हणून गप बसलो."

"मग कागद काढायला तूच सांगितलंस?"

"मला गाडीतलं काय कळतंय? कोण काय बी बोललं न्हाय. तूच मधनं 'व्हय आप्पा' म्हणलास, पोरा."

आईला नंतर सहज विचारल्यासारखं करून विचारलं. धुक्याचं पाणी पेट्रोलमध्ये जाऊ नये म्हणून आप्पांनीच आदल्या संध्याकाळी तो कागद बसवला होता. मी तेव्हा मित्राकडे होतो.

मी खूप विचार केला. झाकणाच्या भोकाबद्दल कुठेतरी वाचलेलं असेल, आणि घाबरलेल्या मेंदूनं ते आप्पांच्या आवाजात सांगितलं असेल. हे मला पटतं. पण कागदाचं काय? तो मी पाहिलाच नव्हता. आप्पा गेल्याची वेळ सांगताना तात्याच चुकला असेल म्हणावं, तर ते 'व्हय आप्पा' त्यानं ऐकलं, आणि त्याच्या आधीचे शब्द नाहीत. पुस्तकंही उघडून बघितली.

दिवस घातल्यावर एका सकाळी चुलीपुढे आईनं विचारलं, "वाटेत काय बोललं का रं ते?"

तात्या समोरच चहा पीत होता.

"सावकाश चालव म्हणाले," मी म्हणालो.

आईनं जाळ सारला. मग म्हणाली, "म्हंजी तवा कळ थांबली हुती त्यांची."

"व्हय," मी म्हणालो.

तात्या कप तसाच ठेवून बाहेर गेला.