केराबाईंच्या तलंगा

केराबाई लेकाकडे राहायला आल्या त्याच दिवशी सांगून मोकळ्या झाल्या, "दिवाळीपतूर ऱ्हाईन. मग मी येडूकडं जाणार." येडू हा त्यांचा धाकटा भाऊ, सांगोल्याकडचा. लेक जोतिराम टेंभुर्णीजवळ, उजनीच्या पाण्याकाठी ऊस आणि केळी करतो. त्याच्या बांधाला माझं रान लागून आहे. त्यामुळे पुढचं बरंचसं मी बांधावरून पाहिलं, उरलेलं त्यांच्या ओसरीतून. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायची मला सवय नाही, बघायची मात्र आहे.

केराबाईंची सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. नवरा वारला, मेंढरं विकली, आणि ही बाई एकदम स्लॅबच्या घरात येऊन बसली. बसली म्हणजे खरंच बसली. सून रेश्मा कामाला वाघीण. सासूने झाडू उचलला की "ठेवा आत्या, मी करते." भाजी निवडायला घेतली की "द्या हिकडं, मी करते." सुनेच्या पोटात पाप नव्हतं. पण धडधाकट माणसाला बसवून ठेवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. केराबाई ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायच्या आणि दिवाळी किती लांब आहे ते आल्यागेल्याला विचारायच्या.

जोतिरामला आई जायला नको होती. पण "आये, जाऊ नको" एवढं म्हणणं त्याला ट्रॅक्टर उचलण्याइतकं जड. त्याऐवजी तो मोडनिंबला गेला आणि सात तलंगा घेऊन आला. तलंगा म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. "पोरास्नी घरची अंडी व्हतील," म्हणाला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. त्याच्या मनातलं सगळ्यांना कळलं, केराबाईंनाही. तरी त्या खुलल्या.

आता त्यांची एक रीत होती. मेंढरांमागे फिरताना मुक्काम रोज नवा. कोंबड्या घोड्यावर लादलेल्या सामानावर बसून यायच्या. नवी कोंबडी घेतली की तिला तीन दगडांच्या चुलीभोवती फेरे घालायचे, म्हणजे ती दुसऱ्याच्या मुक्कामावर जात नाही. इथे चूल कुठली? गॅसची शेगडी, ती भिंतीला टेकलेली. केराबाईंनी जरा विचार केला आणि भरलं सिलिंडर स्वयंपाकघराच्या मधोमध ओढून घेतलं. मग एकेक तलंग काखेत धरून त्याभोवती फेरे. कुकर चढवायचा खोळंबला म्हणून रेश्मा दारात उभी. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. मी हसलो.

फेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही. जोतिरामने पत्र्याचं झकास खुराडं करून आणलं होतं. दिवस मावळला की तलंगा त्याच्याकडे ढुंकूनही बघेनात. त्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये वाढलेल्या, तिथे रात्रभर दिवे. संध्याकाळ म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. त्या ओसरीतल्या बल्बखाली गोळा व्हायच्या, आणि बल्ब विझला की अंगणातल्या कडुलिंबावर. केराबाई "बो बो बो" करून घसा कोरडा करायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी रेश्मा शिडी लावून वर चढायची आणि एकेक तलंग काढून खाली सासूच्या हातात द्यायची. हे रोजचं झालं.

एकदा तिला माहेराहून यायला उशीर झाला. सकाळी लिंबाखाली नुसती पिसं. रानमांजराने दोन नेल्या होत्या. केराबाई त्या पिसांजवळ बराच वेळ बसून राहिल्या. मग उठून जोतिरामला म्हणाल्या, "कोंबडीबी ऱ्हात न्हाय तुज्या घरात, मग मी कशाला ऱ्हाऊ? येडूला फोन लाव."

जोतिरामने फोन लावला. येडू म्हणाला, "कांदा काढून झाला की येतो, आक्का." जोतिरामचा चेहरा मला बघवला नाही.

त्या दिवसापासून घर कामाला लागलं. जोतिरामने अंगणात तीन दगड आणून मांडले. केराबाईंनी चूल पेटवून चहा केला आणि उरलेल्या पाच तलंगांना पुन्हा फेरे घातले, या वेळी रीतीप्रमाणे. रेश्माने ओसरीतला बल्ब काढून खुराड्यात टांगला. आठवडाभर तलंगा कोंडून ठेवल्या. दाणापाणी आतच, तेही दिवस कलताना. मग दार उघडलं. बल्ब एक दिवस पेटवला, एक दिवस नाही, नंतर पेटवलाच नाही. मूठभर ज्वारी मात्र रोज आत पडायची. तलंगा आपसूक आत जाऊ लागल्या. केराबाई म्हणत, चुलीमुळं. रेश्मा म्हणे, बल्बमुळं. मी दोघींना बरोबर म्हणालो. बांधाबांधाने राहायचं तर एवढी अक्कल लागते.

आणि येडू आला. मोटरसायकलवर, गळ्यात मफलर. केराबाई लुगडं बदलून तयार होत्या. रीतीमुळे असो की बल्बमुळे, तलंगा राहिल्या होत्या. पण केराबाईंनी शब्द फिरवला नव्हता. आयुष्यात कधी फिरवला नसावा.

"चल आक्का, उजेड हाय तंवर निगू."

"दम धर. त्यास्नी आत जाऊ दे."

आम्ही सगळे उभे राहिलो. चार तलंगा गेल्या. पाचवी दारात मान आत घाली, बाहेर काढी. केराबाईंनी हाक मारली नाही, हातही हलवला नाही. मग तीही गेली. केराबाईंनी कडी लावली.

येडूने गाडी चालू केली. केराबाई खुराड्याजवळून हलेनात.

"सकाळी ह्यास्नी उगडायचं कुणी?"

"सून हाय की," येडू म्हणाला.

सगळ्यांनी रेश्माकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता ही बया म्हणणार, मी करते.

"मला न्हाय जमायचं, मामा," रेश्मा म्हणाली. "मला कोंबड्यांचं लई भ्या वाटतं. चोच मारत्यात."

ती लिंबावरून एकेक तलंग काढायची तेव्हा खाली हात पसरून उभ्या असायच्या त्या केराबाईच. त्यांनी सुनेकडे एकदा नीट बघितलं.

"भित्री हाय पोरगी," त्या भावाला म्हणाल्या. "गाडी बंद कर, येडू. च्या पिऊन जा."