पिवळ्या रंगाचे दोन घोट

"मॅडम, मामानं बाटलीतला रंग पेला वो!"

फोनवर संगीता होती, माझ्या वर्गातली. मामा म्हणजे तिचे सासरे. मागून तिचा नवरा ओरडत होता, "मिठाचं पाणी आण, उलटी करायला लावू!"

मी बीडच्या ऑफिसात होते.

"उलटी अजिबात नको, संगीता. जाताना भाजलं असेल तर वर येताना परत भाजेल. नुसती चूळ भरू दे आणि लगेच दवाखान्यात न्या."

मी बायकांना घरगुती बांधणी शिकवते. कापडाला गाठी मारायच्या, रंगात बुडवायचं, गाठी सोडल्या की नक्षी. आदल्या दिवशी चौसाळ्यात बॅच होती. आमचे रंग पावडरचे, पाण्यात कालवायचे. पण नुसता रंग कापड धरत नाही, त्यात सोडा लागतो. भज्यात घालतात तो नव्हे. धुण्याचा सोडा, फार जहाल. पोटात गेला तर घसा आणि अन्ननलिका भाजते. बिनसोड्याचा उरलेला रंग फ्रिजमध्ये चार दिवस टिकतो, हे मी सांगितलं होतं. कशात भरून ठेवायचा, हे सांगितलं नव्हतं.

संगीतानं उरलेला पिवळा रंग आंब्याच्या ज्यूसच्या बाटलीत भरला होता. दुपारी मेंढरं सावलीला बसवून मामा घरी आले. फ्रिज उघडला आणि दोन घोट घेतले.

नवऱ्यानं मामांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. संगीताकडून नंबर घेऊन मी डॉक्टरांना फोन लावला.

"ओठ लाल आहेत," ते म्हणाले. "नुसता रंग असेल तर इथंच ठेवून बघतो. सोडा असेल तर आत्ताच बीडला हलवायला हवं. आतून दुर्बिणीनं बघावं लागेल. नक्की काय होतं बाटलीत?"

मी परत संगीताला फोन केला. ती बाटलीपाशी घरीच थांबली होती.

"सोडा टाकलता का?"

"न्हाई टाकला."

"नक्की?"

ती म्हणाली, "आठवंना, मॅडम. लई भ्या वाटायलंय. नवरा म्हणतोय, तूच इख ठिवलंस घरात."

तेवढ्यात आमच्या संस्थेचे प्रमुख, सर, केबिनमधून बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सोड्याचा विषय काढू नका. संस्था अडचणीत येईल."

"सर, डॉक्टर विचारतायत."

"माहीत नाही म्हणा."

खरं तर मला माहीत नव्हतंच. तेवढं बोलून मी मोकळी होऊ शकले असते. नोकरी दिसत होती, पोलीस दिसत होते, आणि न पाहिलेला तो म्हातारा माणूस. मग हळद आठवली. हळदीला सोडा लागला की ती लाल होते.

"संगीता, हळद पाण्यात कालव. पांढऱ्या चिंधीला फास. त्यावर चमच्यानं बाटलीतला एक थेंब टाक."

फोनमधून डबा पडल्याचा आवाज आला.

"मॅडम..." तिचा आवाज फुटला. "लाल झालं. कुकवावानी."

सर समोर असतानाच मी डॉक्टरांना सांगितलं, "सोडा आहे."

मामा तासाभरात बीडच्या दवाखान्यात पोचले. मीही गेले. संगीता भिंतीला टेकून बसली होती, नवरा तिच्याशी बोलत नव्हता. मी त्याच्यापुढं उभी राहिले. "चूक माझी आहे. बाटलीचं मी सांगायला हवं होतं." थोड्या वेळानं त्यानं संगीताला पाणी आणून दिलं.

अन्ननलिका वरवर भाजली होती. भोक पडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामांना आवाज फुटला. सुनेला म्हणाले, "त्या रंगाचं कापड तरी दाव की." ती हसता हसता रडायला लागली.

मला सरांनी मेमो दिला. कारण लिहिलं होतं, परवानगीशिवाय माहिती दिली. तो मी जपून ठेवलाय.

आता रंगाची पुडी फोडण्याआधी मी खाण्यापिण्याच्या सगळ्या बाटल्या वर्गाबाहेर ठेवायला लावते. सोडा घातलेला उरला रंग माझ्यासमोर ओतून द्यायचा. तो रंग काही तासांत मरतो, दुसऱ्या दिवशी कापडावर चढत नाही. घसा मात्र तेवढाच भाजतो.