रस्ता मोकळा झाला की खाकरणे

गिऱ्हाईक नसलं की दुकानातली माणसं रस्ता बघत बसतात, आणि रस्ता बघत बसलं की किस्से आपोआप साठतात. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी नवी पेठेतल्या एका कापडदुकानात सेल्समन होतो. समोर टांगे, सायकली, लॉऱ्या, रिक्षा! त्यातून पलीकडे जायची आमच्यात प्रत्येकाची आपापली तऱ्हा.

*

आमचे शेठ रस्ता ओलांडताना छत्री उघडायचे. ऊन असो नसो. मग दोन्हीकडे न बघता तरातरा निघायचे. म्हणायचे, "एवढी छत्री ज्याला दिसत नाही, त्यानं गाडी चालवूच नये!"

एकदा ती छत्री नेमकी टांग्याच्या घोड्यापुढे उघडली. घोडा थांबला तो हलेचना. मागे हॉर्नवर हॉर्न! टांगेवाला उतरून हात जोडत म्हणाला, "शेठ, आता तुमीच त्याची समजूत काढा!"

शेठनी काढली. गूळ खाऊ घालून.

*

दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून बसणारे रज्जाकभाई टेलर चहाला जाताना लाल चिंधी डोक्यावर हलवत निघायचे. लाल दिसलं की गाड्या थांबतात, हा त्यांचा सिद्धांत. गिरणी कामगारांच्या मोर्चांचे दिवस ते. एकदा मागे पाच-सहा जण घोषणा देत चालायलाच लागले! रज्जाकभाई घाबरून ओरडले, "अरे बाबा, मै तो चा पीने कू जारा!"

त्यातल्या दोघांना त्यांनी चहाही पाजला.

*

पण आम्हाला खरा जीव लावला तो गुरप्पानं. आमचा हमाल, अक्कलकोटकडचा. त्याची बायको निलव्वा मंडईत भाजी विकायची आणि संध्याकाळी दुकानाशी यायची. मग दोघं मिळून घरी जायची. मिळून म्हणजे, तो पुढे आणि ती मागे! भरबाजारात बायकोकडे वळून बघायचं नाही, हाक मारायची नाही, हात धरणं तर लांबच.

गुरप्पा आधी पलीकडे जायचा, वाचता येत नसताना एखादी पाटी वाचत उभा राहायचा, आणि रस्ता मोकळा दिसला की मोठ्यानं खाकरायचा. ते ऐकलं की निलव्वा मान खाली घालून निघायची. इकडेतिकडे बघायचीच नाही.

"त्यास्नी दिसतंय की!" म्हणायची.

आम्ही हसायचो. मला मात्र त्या विश्वासाचा हेवा वाटायचा.

*

एका हिवाळ्यात गुरप्पाला खोकला झाला. पलीकडे पोचला आणि त्याला ठसका लागला. लॉरी येत होती. निलव्वा निघाली!

ब्रेकचा आवाज आला आणि आम्ही डोळेच मिटले. उघडले तेव्हा टोपली चाकाखाली आणि निलव्वा लॉरीपासून हातभर अंतरावर उभी.

"बाई, दिसत न्हाय का?" ड्रायव्हर ओरडला.

"त्यांनी बोलावलं की वो," ती म्हणाली.

पलीकडे गुरप्पा मटकन खाली बसला होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निलव्वा आली. गुरप्पा पायरी उतरला आणि शेठसमोर, सगळ्या पेठेसमोर त्यानं तिचा हात धरला. दोन्हीकडे बघितलं आणि निघाला. कुणीही हसलं नाही. मी चहाला म्हणून त्यांच्या मागोमागच होतो.

पलीकडे त्यांच्या गल्लीचं तोंड. तिथून घर नाकासमोर, मधे एकही रस्ता नाही. निलव्वा लाजून चूर झाली होती.

"अवो, सोडा की आता. झाला की रस्ता!"

"ऱ्हाऊ दे," गुरप्पा म्हणाला. "फुडं आनि एक रस्ता हाय."