न मागितलेलं दूध

थोरला मुलगा हगवणीनं गेला, त्या दिवसापासून मी देवीला हात जोडले नाहीत. जतकडचं आमचं कोरडवाहू रान दुष्काळानं करपलं होतं, बैल बाजारात गेले होते आणि मालक ऊसतोडीला कृष्णाकाठी. मी आणि सासूबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. त्या म्हणायच्या, "यल्लमावर रुसू नगं, बाई." मी म्हणायची, "आवं आत्या, माझं लेकरू न्हेलं तिनं. आता आनी काय मागू?"

त्यातच माझं दूध आटलं. तान्ही मुलगी बाभळीखालच्या झोळीत आधी रडायची, मग नुसती कण्हायची. एका दुपारी कण्हणंही थांबलं. ओली चिंधी ओठांना लावली, तर तिनं तोंडसुद्धा उघडलं नाही. सासूबाईंनी देवीचा धावा मांडला. मी मांडला नाही. ही पण जाणार, एवढंच समजून तिला मांडीवर घेऊन बसून राहिले.

तेवढ्यात चाऱ्याच्या शोधात निघालेला धनगरांचा कळप रस्त्यानं आला. त्यातली एक तरुण बाई मेंढरं सोडून थेट माझ्यापुढं बसली. "कूसु कोडु, अक्का," म्हणत तिनं हात पसरले. मला उमगेना. सासूबाईंचं माहेर कानडी मुलखातलं. त्या म्हणाल्या, "पोर दे म्हनती. दे तिच्याकडं."

तिनं मुलीला पदराखाली घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही. ती थेंब थेंब ओठांत सोडत राहिली. मग मुलीनं घोट गिळल्याचा आवाज मला आला.

तिचं स्वतःचं बाळ वाटेतच गेलं होतं, हे सासूबाईंनी विचारल्यावर कळलं. कळप जवळच्या माळावर होता तोवर ती रोज येत राहिली, आणि मुलगी पेज गिळू लागली. ती निघाली तेव्हा मी तिच्या पाया पडले, तर मला उठवून ती कानडीत काही बोलली. सासूबाईंनी मला सांगितलं, "म्हनती, माझी भरल्याली छाती लय दुखत हुती. तुझ्या पोरीनं मला हलकं केलं."

मुलगी जगली. मुलगा गेला तो गेलाच. ते दुःख आजही तसंच आहे. त्याला का नेलं, हिला का ठेवलं, हे मी आता देवीला विचारत नाही. मी हाक मारली नव्हती, तरी ती त्या धनगरणीच्या रूपानं आली, आणि माझ्याहून ताजं दुःख घेऊन आली. म्हणून हात जोडते तेव्हा काही मागत नाही. माझ्या मुलाबरोबर त्या न पाहिलेल्या बाळालाही आठवते आणि दोघांना तिच्या ओटीत घालते.