शाझलीच्या तोंडून गेलेली गोष्ट

इजिप्तमध्ये लाल समुद्राकाठी, सफागा बंदराजवळ आमचं केंद्र आहे. खोल बुडी मारून घाईत वर आलेल्या पाणबुड्यांना तिथल्या लोखंडी टाकीत बसवतात, आत हवेचा दाब वाढवतात आणि मुखवट्यातून शुद्ध ऑक्सिजन देतात. मी बाहेर झडपा सांभाळतो. आत रुग्णाजवळ बसायचं काम शाझलीचं. तोही जुना पाणबुड्याच. एका कानाने बहिरा, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

त्या मार्चमध्ये किना शहरातून कौसर नावाची बाई सहा वर्षांच्या मुअताजला घेऊन आली. पोराच्या लघवीचं छिद्र जन्मापासून टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. कैरोत दोनदा शस्त्रक्रिया झाली, दोन्ही वेळा टाके उसवले. तिसऱ्या वेळी जोडलेली कातडी काळपट दिसायला लागली. तिला रक्त पुरेना, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी वीस दिवस दाबाखाली ऑक्सिजन द्यायला आमच्याकडे पाठवलं.

पहिल्या दिवशी कान दुखले तसं पोरानं टाकी डोक्यावर घेतली. शाझली म्हणाला, "नाक दाब, तोंड मीट आणि आतून जोर लाव. आमचा उंट असाच शिंकायचा." पोर हसलं, कान मोकळे झाले. मग शाझलीशिवाय ते आत जाईना.

आठव्या दिवशी त्यानं हळूच सांगितलं, "काका, मी मुलींसारखा बसून करतो. कुणाला सांगू नका हं."

"सांगितलं तर माझी जीभ झडो," शाझली म्हणाला.

त्याच संध्याकाळी कॉफीच्या दुकानात डॉमिनोचा डाव रंगला होता. शाझली हरत होता. सगळ्यांना हसवायला म्हणून त्यानं ती गोष्ट सांगितली. नुसती सांगितली नाही, उकिडवं बसून नक्कल केली. नाव घेतलं नाही, पण आमच्याकडे त्या दिवसांत दुसरं लहान मूल होतं कुठे? सगळे खदखदून हसले. मीही हसलो. कोपऱ्यातल्या टेबलावरून एक माणूस चहा अर्धा टाकून उठला. तो कौसरचा दीर होता. मायलेकरं त्याच्याकडेच उतरली होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाहीत. आमच्या केंद्राच्या डॉक्टर नेव्हिनबाईंनी विचारलं तेव्हा शाझली म्हणाला, "पोर आजारी असेल." दुपारपर्यंत तो एकच मुखवटा पुसत बसला. मग बाईंच्या खोलीत जाऊन सगळं ओकला.

बाई ओरडल्या नाहीत. "ती कातडी जगते की मरते, ते याच आठवड्यात ठरणार आहे," एवढंच म्हणाल्या. "जा, घेऊन ये त्यांना."

मी सोबत गेलो. दिरानं दार उघडलं. "इथं यायला तोंड आहे तुला?"

आत कौसर किन्याच्या बससाठी पिशवी भरत होती. शाझली खाली बघत म्हणाला, "ताई, शिव्या द्या, मारा. पण पोराचे उरलेले दिवस बुडवू नका."

"सहा वर्षं झाकलं मी," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या आईला ठाऊक नाही. आणि तुम्ही दुकानात नक्कल केलीत?"

तिच्या मागून मुअताज पुढे आला. "कोण कोण हसलं?"

"सगळे," शाझली म्हणाला. "आधी मीच."

"मीही," मी म्हणालो. आवाज इतका खाली गेला, की पोराला ऐकू गेलं की नाही, देव जाणे.

"जीभ झडेल म्हणाला होतात. झडली नाही," पोर म्हणालं.



कौसर पोरासाठी थांबली, पण शाझली आत नको, अशी अट घालून. आत ती स्वतः बसली. दाबाखाली कान कसे मोकळे करायचे, ते त्यानं तिला मान वर न करता शिकवलं. बारा दिवस तो टाकीबाहेर स्टुलावर बसून राहिला. काचेतून पोराला दिसू नये, अशा बेतानं.

जखम भरली. ऑक्सिजनचा हात किती आणि नुसत्या दिवसांचा किती, ते बाईंनाही सांगता येईना. शेवटच्या दिवशी कौसरनं सगळ्यांना खजुराची बिस्किटं वाटली. शाझलीच्या वाट्याची त्याच्या स्टुलावर ठेवून गेली.

वर्षभरानं तिचा बाईंना फोन आला. पोर ठीक आहे, उभं राहून करतं, पुन्हा कापाकापी लागली नाही.

"माझं काही विचारलं?" शाझली म्हणाला.

"नाही. तुझं नावच निघालं नाही."

त्याचे कान लालबुंद झाले. "बरोबर आहे," तो म्हणाला.