कळकलेली पेज

तांब्या-पितळेवर जो हिरवा थर चढतो त्याला आमच्याकडे पेडण्यात कळक म्हणतात, आणि माझ्या सासूबाईंचं त्याच्याशी साता जन्मांचं वैर. त्यांना आम्ही मांय म्हणतो. मी नवी सून असताना कल्हई उडालेल्या टोपात सोलकढी करून ठेवली. मांयनी नुसता वास घेतला आणि सगळी कढी माडाच्या मुळाशी ओतली. ओरडल्या नाहीत, तेच जास्त झोंबलं. मी टोपही टाकायला निघाले, तर तो माझ्या हातात परत देऊन चिंच-मीठ लावून घासायला बसवलं.

आता मांयवर कॅन्सरचे उपचार चालू आहेत. वजन आणखी उतरलं तर औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आणि मांयना सगळंच कळकलेलं लागतं. पेज कळकली, ताक कळकलं, पाणीसुद्धा. औषधाने तोंडाची चव बिघडते हे मला ठाऊक आहे, पण मांयना कोण पटवणार? मी कळशी घासली, पितळ माळ्यावर चढवलं, शेवटी म्हापशाहून नवी स्टीलची भांडी आणली. नवरा म्हणतो, धीर धर. त्याचं काय जातं, तो सकाळी कामावर जातो. मी थकलेय, खरं सांगते. भरवण्याचं काही नाही, पण त्यांनी तोंड फिरवलं की अंगातलं बळच जातं.

काल दुपारी पेजेचा पहिलाच चमचा त्यांनी थुंकला आणि माझा तोल गेला.

“मांय, ह्या स्टील आसा. स्टीलाक कळक येना नाय.”

त्यांनी वाटी हातात घेतली. काठावरून, बुडाखालून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. काहीच नव्हतं.

“मगे तो माकाच इलो आसतलो,” त्या म्हणाल्या.

मला रडू आलं. पण पेज निवत होती.

“येवंदे,” मी म्हटलं. “कळक इलो म्हणान भांडा कोण टाकता? तुमीच माका शिकयलास.”

त्या हसल्या वगैरे नाहीत. वाटी माझ्या हातात परत दिली. मग एक चमचा गिळला, डोळे घट्ट मिटले, “कळकली,” म्हणाल्या, आणि पुन्हा तोंड उघडलं.