मरून हसत घरी येणारे आबामामा

आबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागलला म्हशीची धार काढत बसलो होतो, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा मनात आलं ते, कितव्यांदा? माझे हे मामा रंगमंचावर आणि पडद्यावर इतक्या वेळा मेले होते, की यमानंही त्यांचा नाद सोडला असावा. क्षयानं मेले, तलवारीनं मेले, एकदा तर मुलीच्या डोक्यावर अक्षता पडायच्या आधीच मेले... आणि पुढच्या खेळाला बाप म्हणून परत उभे.

कोडोलीहून ते नाटक कंपनीत आले ते पडदे ओढायला. म्हाताऱ्या बापाचं काम करणारा नट एका खेळाला आजारी पडला, चोविशीतल्या मामांच्या केसांना पांढरी पावडर फासली गेली, ती पुढं चाळीस वर्षं उतरली नाही. कोल्हापूरच्या स्टुडिओत गेले तिथंही बापच. नायक नाचायचा, मामा खोकायचे, आणि थेटरात रुमाल निघायचे ते त्या खोकल्यावर. इतकं रडं व्हायचं की डोअरकीपर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून फिरायचा. हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

स्टुडिओत एक रीत होती. मरणाचं दृश्य झालं की नटानं उठून कॅमेऱ्याकडं बघून हसायचं, म्हणजे ते मरण घरी येत नाही. मामांचा यावर फारसा विश्वास नव्हता, मामीचा होता. मामा दारात आले की ती उंबऱ्यावर आडवी.

“हसलासा न्हवं?”

“हसलो की.” मगच चहा.

एकदा कॅमेऱ्यातली फिल्म संपल्यामुळं हसायचं राहिलं आणि मामा उंबऱ्यावर खोटं बोलले. अख्ख्या जिल्ह्याला रडवणारा नट मामीपुढं पापणी लवायच्या आत पकडला गेला. चिकटवलेल्या दाढीनिशी सायकल मारत माघारी गेले, रिकाम्या कॅमेऱ्यापुढं हसले आणि कॅमेरामनलाच साक्षीला घेऊन आले.

मामा जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो. आमची म्हैस मोबाइलवर तुमचाच सिनेमा लावला तर धार देते, तुम्ही मेलात की आटते, अशी थाप मारली. मामा हसले, खाट कुरकुरेपर्यंत हसले. “लेका, जरा कमी मार की,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो, तर दारात माणसंच माणसं आणि तिरडी घरातच खोळंबलेली. मामी उंबऱ्यावर आडवी उभी. रडली नव्हती, कुणाचं ऐकत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, “काल तुझ्याम्होरं हसलं हुतं का रं?”

हसले होते. थाप कुठली, तेही सांगितलं. कुणीतरी मागून पुटपुटलं, पण ते तर मरायच्या आधी हसले...

“शूटिंगात मागचं फुडं घेत्यातच की,” मामी म्हणाली, आणि बाजूला झाली. मगच रडली.

आता मी गेलो की मामी उंबऱ्यावर असतेच. आधी माझं तोंड निरखते. मी हसतो, ती सरकते, चहा टाकते. थापा मी आत गेल्यावरच सुरू करतो; त्या उंबऱ्यावर आजही खोटं चालत नाही.